लिनियर पोलरायझर आणि सीपीएल: आधी आरशासमोर धरा, मग पोलॅरिमीटर बांधा

पोलॅरिमीटर म्हणजे साखरेच्या द्रावणासारखा नमुना प्रकाशाच्या कंपनाचं प्रतल किती अंश वळवतो ते मोजणारं उपकरण: एलईडी, पोलरायझर, नमुना, दुसरा पोलरायझर आणि सेन्सर अशी त्याची रांग. स्वस्तातला पोलॅरिमीटर बांधायला बसलेला माणूस घरात पडलेला कॅमेऱ्याचा सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) फिल्टर लावतो आणि मग सेन्सरला शिव्या घालतो. फिल्टर फिरवला तरी आकडा हलत नाही! सेन्सर बिचारा ठणठणीत असतो.

लिनियर पोलरायझर तुम्हाला ठाऊकच आहे: एकाच दिशेचं कंपन पुढे सोडतो, दोन काटकोनात धरले की अंधार, मधल्या कोनांना मालसचा नियम (पार होणारा उजेड कोनाच्या कोसाइनच्या वर्गानुसार घटतो). पुढे चला.

सीपीएल मात्र ‘वर्तुळाकार प्रकाश गाळणारा फिल्टर’ नव्हे. या नावानंच निम्मा घोळ केलाय. त्यातही पुढे साधा लिनियर पोलरायझरच असतो. फक्त त्याच्या पाठीला, ४५ अंशांत, पाव-तरंग पट्टी (प्रकाशाच्या दोन काटकोनी घटकांपैकी एकाला पाव तरंगलांबीनं मागे ठेवणारा पारदर्शक थर) चिकटवलेली असते. ती पट्टी गाळलेला प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित (कंपनाची दिशा गोल फिरत राहणारा) करून कॅमेऱ्यात सोडते, कारण एसएलआर (आरशातून दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांतल्या अर्धपारदर्शक आरशांमुळे रेषीय ध्रुवित प्रकाशात फोकस आणि उजेडाचं माप चुकू शकतं.

म्हणजे सीपीएलला तोंड आणि पाठ असते, लिनियरला नसते. गोम इथंच आहे. सेन्सरपुढे सीपीएल तोंड नमुन्याकडे करून लावला, तर तो लिनियरसारखाच वागतो. पाठीतून काय निघतं याच्याशी फोटोडायोडला, म्हणजे सेन्सरला, देणंघेणं नाही. उलटा लावला, की प्रकाश आधी पट्टीत शिरतो आणि रेषीय प्रकाश कुठल्याही कोनात आला तरी निम्माच पार होतो. एलईडीच्या बाजूला तोंड एलईडीकडे केलंत, तर नमुन्यावर वर्तुळाकार प्रकाश पडतो. त्याला प्रतलच नाही, साखर वळवणार काय? (नीट जोडणीत १०० मिलिलिटर द्रावणात १० ग्रॅम साखर, १० सेंटिमीटरची नळी आणि सोडियमचा पिवळा उजेड असेल, तर प्रतल साधारण ६.६ अंश वळतं.) थोडक्यात, दोन्ही तोंडं नमुन्याकडे.

पांढऱ्या एलईडीत आणखी एक चकवा आहे. पट्टी एकाच तरंगलांबीला अचूक असल्यानं उलट्या फिल्टरमधूनही फिरवताना किंचित रंग बदलतो, आकडा जरासा डुलतो. त्या डुलण्याचा आलेख काढण्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

माझं मत विचाराल तर लिनियर फिल्मचा तुकडाच घ्या. सीपीएलच वापरायचा असेल, तर तो डोळ्यापुढे धरून आरशात बघा. आट्यांची (लेन्सवर बसणारी, म्हणजे पाठीची) बाजू आरशाकडे असताना आरशातला फिल्टर काळा-जांभळा दिसेल, उलटवला की उजळेल. लिनियर दोन्हीकडून सारखाच दिसतो. ओळख पटली की लगेच कडेवर मार्करनं ‘तोंड’ लिहून ठेवा.