एकच उघडा दरवाजा: युद्धोत्तर अमेरिकेतल्या प्राध्यापिका आणि विस्तारसेविका

दुसरे महायुद्ध संपले, त्या काळात अमेरिकेतल्या एखाद्या बाईने रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली तरी रसायनशास्त्र विभागात तिला जागा मिळणे कठीणच होते. त्याच विद्यापीठाच्या गृहविज्ञान महाविद्यालयात मात्र ती पोषणशास्त्राची प्राध्यापक होऊ शकत असे. प्रयोगशाळा, संशोधनाचा निधी, विभागप्रमुखपद, अगदी अधिष्ठातापदही तिला तिथे मिळे. ज्या विषयाला पुढे ‘स्वयंपाक-शिवण’ म्हणून हिणवले गेले, त्यानेच दोन पिढ्यांच्या विदुषींना पगार आणि मान दिला, हे विसरून त्या काळाकडे बघता येणार नाही.

हा दरवाजा उघडला तोही अर्धवटच. कॉर्नेल विद्यापीठात मार्था व्हॅन रेन्सेलेअर यांनी 1900 मध्ये शेतकऱ्यांच्या बायकांसाठी घरबसल्या वाचनाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांना आणि त्यांच्या सहकारी फ्लोरा रोझ यांना प्राध्यापकपद देण्याचा प्रश्न 1911 मध्ये आला. तेव्हा अध्यापकमंडळाने ठरवले की, स्त्रियांना प्राध्यापक नेमणे आम्हाला सर्वसाधारणपणे पसंत नाही, पण गृहविज्ञानापुरती आमची हरकत नाही. पुढची साठ वर्षे या एका ठरावात सामावलेली दिसतात.

1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने केंद्रीय कृषी खाते, राज्याचे कृषी महाविद्यालय आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग) यांच्या पैशातून विस्तारसेवा, म्हणजे महाविद्यालयातले ज्ञान गावोगावी पोचवणारी यंत्रणा, उभी राहिली. पुरुष कर्मचारी शेतावर जात, विस्तारसेविका घराघरांत. फळे-भाज्या डबाबंद कशा कराव्यात, डबाबंद करण्याचा वाफेचा कुकर, म्हणजे प्रेशर कॅनर, सुरक्षितपणे कसा वापरावा, मुलांना काय खाऊ घालावे, हे ती प्रत्यक्ष करून दाखवी. 1930 च्या दशकाच्या मध्यावर दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. युद्धानंतरच्या दहा वर्षांत ती जवळपास सगळीकडे पोचली. फ्रीझर आणि धुलाईयंत्र आले, ओट्याची उंची आणि मांडणी बदलली, तसा विस्तारसेविकेच्या कामाचा विषयही बदलला. स्वतः गाडी चालवत काउंटीभर फिरणारी, सरकारी पगार घेणारी बाई हे त्या खेड्यांतल्या मुलींसाठी मोठेच दृश्य असणार.

दक्षिणेत मात्र ही सेवा वर्णभेदाने दुभंगलेली होती. कृष्णवर्णीय विस्तारसेविकांची संख्या कमी, पगार कमी, कचेऱ्या वेगळ्या, आणि निधीच्या किल्ल्या गोऱ्यांच्या महाविद्यालयांकडे.

या पार्श्वभूमीवर फ्लेमी किट्रेल यांची वाटचाल बघावी. 1904 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या किट्रेल कॉर्नेलची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. 1944 मध्ये त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गृहविज्ञान विभागाच्या प्रमुख झाल्या. युद्धानंतर लायबेरियात त्यांनी आहाराची पाहणी केली आणि पोट भरलेले असूनही शरीर उपाशी राहते, त्या ‘छुप्या भुके’कडे लक्ष वेधले. 1950 मध्ये फुलब्राइट या अमेरिकी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या बडोद्याला आल्या. सयाजीरावांच्या नावाच्या त्या नव्या विद्यापीठात तेव्हा हंसा मेहता कुलगुरू होत्या. तिथल्या गृहविज्ञान शाखेच्या उभारणीत किट्रेल यांचा हात आहे. आपल्याकडे गृहविज्ञान शिकलेल्या किती जणींना हे नाव ठाऊक असेल, याची मला हुरहूर वाटते.

इकडे अमेरिकेतल्या महाविद्यालयांत वारे उलटे फिरले होते. माजी सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या 1944 च्या जी. आय. कायद्यामुळे वीस लाखांहून अधिक माजी सैनिक उच्चशिक्षणात आले. 1940 मध्ये पदवी घेणाऱ्यांत स्त्रिया सुमारे 41 टक्के होत्या, 1950 मध्ये सुमारे 24 टक्के. अध्यापकवर्गातला त्यांचा वाटाही घसरत गेला. त्यात अनेक विद्यापीठांचा नियम असा की नवरा-बायको दोघांना नोकरी नाही. आणि जागा सोडायची वेळ आली की ती बायकोवर येई. मारिया गोपर्ट-मेयर यांनी शिकागो विद्यापीठात, जिथे पती प्राध्यापक होते तिथे, विनावेतन काम केले. 1963 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते त्याच विनावेतन काळातल्या संशोधनासाठी.

1960 च्या दशकात गृहविज्ञानाचे घरही हललेच. नागरी हक्क कायद्यानंतर विस्तारसेवा एकत्र करण्यात आली, पण अनेक ठिकाणी अनुभवी कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाताखाली बसवले गेले. कॉर्नेलमध्ये हेलन कॅनोयर 1968 मध्ये अधिष्ठातापदावरून निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी पुरुष आला, आणि 1969 मध्ये गृहविज्ञान महाविद्यालयाचे नाव ‘मानवी परिसर’ (ह्यूमन इकॉलॉजी) असे झाले. विषयाची प्रतिष्ठा वाढवायची म्हणून नाव बदलले असे सांगितले जाते; पण त्याच बदलात बायकांच्या हातातली सूत्रे सुटली, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

1964 च्या त्या नागरी हक्क कायद्यात नोकरीतल्या लिंगभेदाला बंदी होती, पण शैक्षणिक संस्थांतल्या अध्यापकांना त्यातून वगळले होते. स्त्रीहक्क कार्यकर्त्या बर्निस सँडलर यांनी 1970 मध्ये दुसरी वाट शोधली: सरकारी कंत्राटे घेणाऱ्यांना लिंगभेद करता येत नाही, या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाचा आधार घेऊन सुमारे अडीचशे महाविद्यालयांविरुद्ध तक्रारी दाखल झाल्या. मार्च 1972 मध्ये ती सूट रद्द झाली आणि जूनमध्ये सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा आला.