पार्श्वभूमी : पेरोल मॅनेजर आणि ‘वेतन’ नावाचा गुंता

पेरोल मॅनेजरच्या नोकरीची जाहिरात वाचली की एक्सेल, पेरोल सॉफ्टवेअर, पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांची) माहिती, मुदती पाळण्याची सवय अशी कौशल्यांची यादी दिसते. ती चुकीची नाही. पण या पदाचा इतिहास पाहिला तर मुख्य काम वेगळेच निघते. कोणता रुपया कोणत्या नावाखाली मोडतो, हे ठरवणे हे ते काम. ते ठरले की बेरीज-वजाबाकी यंत्रही करते. ते चुकले तर प्रत्येक बेरीज बरोबर असूनही अख्खे पगारपत्रक चुकते.

या पदाचा जुना अवतार म्हणजे कारखान्याच्या टाइम ऑफिसमधला टाइमकीपर आणि पगार कारकून. मस्टरवरची हजेरी उतरवून घ्यायची, खाडे मोजायचे, उचल वळती करायची, पाकिटे भरायची आणि पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हाती पडणे नेहमीचे होते. त्यातून दंड कापला जाई, तो किती आणि कशासाठी हे मालक ठरवी. १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या प्रकारांची दखल घेतली आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. हजाराहून कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहाच्या आत पगार, ही तारीख तिथून आली. कपात कशाकशाची करता येते याची बंद यादी आली. दंडाची नोंदवही आली आणि दंडाची रक्कम मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्या हितासाठीच खर्च करण्याचे बंधन आले. टाइम ऑफिसमधल्या कारकुनाच्या हातात पहिल्यांदाच असे काही आले, की ज्याच्या आधारे तो साहेबाला ‘हे कापता येणार नाही’ म्हणू शकत होता. माझ्या मते पेरोल मॅनेजर या पदाचा जन्म तिथे आहे, संगणकात नाही.

पगाराचे तुकडे पडायला सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. महागाई झपाट्याने वाढली, पण मूळ दर कायमचे वाढवायला मालक तयार नव्हते. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता सुरू झाला. तात्पुरता म्हणून आलेला हा भत्ता पुढे मूळ पगाराहून मोठा झाला. स्वातंत्र्यानंतरचे कायदे लिहिले गेले ते ही दुफळी रुळल्यानंतर. १९४८ मध्ये किमान वेतन आणि राज्य विमा, १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधी, १९६५ मध्ये बोनस, १९७२ मध्ये ग्रॅच्युइटी. प्रत्येक कायद्याने वेतनाची आपली वेगळी व्याख्या केली. ग्रॅच्युइटी आणि बोनस मोजायचे ते मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर. ईएसआयच्या वर्गणीत घरभाडे भत्ताही येई. ओव्हरटाइमचे तर अजबच होते. ईएसआयच्या पात्रतेची मर्यादा तपासताना तो धरायचा नाही, पण वर्गणी कापताना धरायचा. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच महिन्याच्या पगाराचे तीन-चार वेगवेगळे ‘वेतन’ काढावे लागत आणि चारही बरोबर असत.

महाराष्ट्रात यात १९७५ पासून व्यवसाय कराची भर पडली. रोजगार हमी योजनेसाठी आलेला हा कर आज अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो. त्यामागे राज्यघटनेने घातलेली वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे. दर फेब्रुवारीत ‘शंभर रुपये जास्त का कापले?’ हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येणे हेही या पदाचे कौशल्य आहे. ज्याचे पैसे कापले जातात त्याला कारण समजण्याचा हक्क आहे. ‘सिस्टिममध्ये तसंच आहे’ हे उत्तर नव्हे.

आता ज्या गुंत्याने गेल्या दोन-तीन दशकांतल्या पेरोल विभागांचा सर्वाधिक वेळ खाल्ला, त्याकडे येऊ.

१९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यातली ‘मूळ वेतन’ची व्याख्या वाचली तर ती आधी सगळे पदरात घेते आणि मग एकेक काढून टाकते. कामावर असताना किंवा पगारी रजेवर असताना मिळणारे सगळे रोख उत्पन्न म्हणजे मूळ वेतन. मग अपवाद येतात : महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन ‘किंवा तत्सम कोणताही भत्ता’. चार कलमे पुढे गेल्यावर वर्गणीचे कलम सांगते की वर्गणी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर द्यायची. एका कलमाने बाहेर काढलेला भत्ता दुसऱ्याने परत आत घेतला. पण सगळा वाद पेटला तो ‘तत्सम’ या शब्दावर.

१९९१ नंतर सीटीसीची, म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’ची भाषा आली. पगार हा एकूण खर्चाचा आकडा झाला आणि त्याचे तुकडे कसे करायचे हे कंपनीच्या हातात आले. बेसिक, म्हणजे मूळ पगार, लहान ठेवायचे, उरलेले विशेष भत्ता, वाहन भत्ता, शिक्षण भत्ता, धुलाई भत्ता अशा नावांखाली वाटायचे. यातले काही भत्ते खरोखर त्या खर्चासाठी असत. ‘विशेष भत्ता’ मात्र बहुतेक ठिकाणी केवळ आकडा जुळवण्यासाठी असे : एकूण रकमेतून बाकी सगळे वजा केल्यावर जे उरेल ते. असा उरलेला पैसा ‘तत्सम भत्ता’ कसा ठरतो, हा प्रश्न विचारणारे पेरोल मॅनेजर होते, पण थोडे. बहुतेकांना रचना वरून तयार मिळे आणि त्यांनी ती फक्त राबवायची असे.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. पीएफच्या वर्गणीतला मालकाचा हिस्सा वाचतो हे उघड होते. पण हातात जास्त रोख पडते म्हणून अनेक कर्मचाऱ्यांनाही ही रचना हवी होती, विशेषतः ज्यांच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते होते त्यांना. हे खरे आहे. पण त्या माणसाला तिचे पुढचे परिणाम कुणी मांडून दाखवले होते का?

एक उदाहरण घेऊ. महिना २०,००० रुपये पगार, त्यात बेसिक ८,०००, घरभाडे भत्ता ५,००० आणि विशेष भत्ता ७,०००. पीएफ बारा टक्क्यांनी केवळ बेसिकवर कापला तर महिन्याला ९६० रुपये. विशेष भत्ता धरला तर १५,००० वर १,८०० रुपये. फरक ८४० रुपयांचा, आणि तेवढाच मालकाकडूनही. आता निवृत्तिवेतन पाहा. पीएफला जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेचे सूत्र आहे : सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. तीस वर्षांच्या सेवेला, जादा वर्षांची सवलत बाजूला ठेवून, ८,००० वर महिना ३,४२८ रुपये बसतात आणि १५,००० वर ६,४२८. म्हणजे ‘विशेष’ नाव दिल्याने म्हातारपणी दर महिन्याला ३,००० रुपये कमी. ग्रॅच्युइटीही तेव्हा त्या लहान बेसिकवरच निघे : सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे सव्वीस दिवस धरून.

२०१२ च्या अखेरीस पीएफच्या अंमलबजावणी यंत्रणेने एक परिपत्रक काढून वेतनाचे असे तुकडे पाडण्याला आक्षेप घेतला. काही आठवड्यांतच ते स्थगित झाले. नियम आहे की नाही हे कुणालाच नीट सांगता येईना, अशा अवस्थेत आणखी काही वर्षे गेली. तपासणी अधिकारी एक सांगे, सल्लागार दुसरे, आणि वर्गणी भरण्याच्या चलानावर सही पेरोल विभागाची.

२८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक अपिलांचा एकत्र निकाल दिला. त्यात एक शाळा होती, काही कारखाने होते. जो भत्ता सर्वांना, नेहमी आणि सरसकट मिळतो तो मूळ वेतनाचाच भाग. वगळायचा असेल तर तो कामगिरीप्रमाणे बदलणारा आहे, किंवा नेहमीच्या कामापलीकडच्या जादा कामासाठी आहे, हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर. तत्त्व नवे नव्हते. साठच्या दशकात उत्पादन बोनसबद्दलच्या निकालात हीच कसोटी मांडलेली होती. नवे हे होते की ती आता थेट रोजच्या पगारपत्रकातल्या ‘विशेष भत्त्या’ला लागू झाली.

या निकालावर मोठा आक्षेप घेतला गेला तो मागच्या वर्षांच्या देण्यावरून. हिशेब कोणत्या तारखेपासून बदलायचा, हे निकालात स्वतंत्रपणे सांगितलेले नव्हते. कंपन्यांचे म्हणणे होते की इतकी वर्षे तपासणीत कुणी हरकत घेतली नाही, मग जुनी थकबाकी कशी? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण नुकसान ज्याचे झाले त्याच्या बाजूने पाहिले तर ‘इतकी वर्षे चालले’ हे समर्थन फार लंगडे आहे. पुनर्विचार याचिका त्याच वर्षी फेटाळली गेली. अनेकांनी पुढच्या महिन्यापासून रचना बदलली आणि मागचे तसेच ठेवले. काहींनी पीएफ वर्गणीसाठीच्या १५,००० रुपये वेतनाच्या वैधानिक मर्यादेचा आधार घेतला, कारण ज्यांचे बेसिकच त्याहून जास्त होते आणि वर्गणी मर्यादेवरच जात होती त्यांना या निकालाने काही फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो कमी पगारवाल्यांना. भत्त्यांच्या नावांची झळ त्यांनाच सर्वांत जास्त बसली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेतन संहितेला, म्हणजे वेतनाचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कायद्याला, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पण ती अमलात यायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडले. मधली सहा वर्षे पेरोल विभाग ‘येणार, येणार’ म्हणून कोष्टके तयार करून बसले होते. संहितेने वेतनाची एकच व्याख्या केली. वगळायच्या बाबींची यादी दिली आणि त्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात परत धरायचा, असे सांगितले.

यातूनच ‘आता बेसिक ५० टक्के ठेवावेच लागते’ हे वाक्य सगळीकडे पसरले. संहितेच्या मजकुरात असे वाक्य नाही. वगळण्याच्या यादीत घरभाडे भत्ता, वाहन भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, मालकाची पीएफ वर्गणी अशा नोंदी आहेत. ‘विशेष भत्ता’ ही नोंदच नाही. माझ्या वाचनाप्रमाणे वरच्या उदाहरणात बेसिक ४० टक्के असले तरी वेतन १५,०००च ठरते, कारण वगळायला फक्त घरभाडे भत्ता उरतो. पन्नास टक्क्यांची अट ही पळवाट बंद करणारी कडी आहे. तिच्याकडे बेसिकचे नवे प्रमाण म्हणून पाहिले की जुनाच घोळ नव्या नावाने सुरू होतो. मूळ मजकूर स्वतः वाचण्याची सवय या पदाला का हवी, याचे याहून ताजे उदाहरण सापडणार नाही. प्रशिक्षणातल्या स्लाइडवर विसंबणाऱ्याने पगारपत्रकावर सही करू नये.

या सगळ्यात तंत्रज्ञानाचा भाग तुलनेने सरळ आहे. अमेरिकेत १९५४ मध्येच एका मोठ्या कारखान्याचे पगार संगणकावर निघू लागले होते. आपल्याकडे लहान कार्यालयांत संगणक नव्वदच्या दशकात रुळला. २०१२ पासून पीएफचे रिटर्न ऑनलाइन गेले, २०१४ पासून प्रत्येक सदस्याला कायमचा क्रमांक मिळाला. नोटाबंदीनंतर कायदा बदलून बँकेतून पगार देणे सोपे झाले आणि पाकिटे भरण्याचे काम संपत गेले. चुका मात्र संपल्या नाहीत, त्यांची जात बदलली. पूर्वी एका माणसाच्या पाकिटात पन्नास रुपये कमी भरले जात. आता एका चुकीच्या सूत्राने एका रात्रीत सगळ्यांचा पगार चुकतो. म्हणून मागच्या महिन्याशी फरक ताडून पाहणे, नवीन आणि सोडून गेलेल्यांची यादी हातानेही तपासणे, भरणारा आणि तपासणारा वेगळा ठेवणे ही कामे कोणत्याही सॉफ्टवेअरइतकीच महत्त्वाची आहेत.

आयकराचे काम वाढले ते २०२० पासून दोन करप्रणाली समांतर चालू लागल्यावर. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर कर्मचाऱ्याने सांगायचे. न सांगणाऱ्याचा कर त्याच्या अंदाजाहून वेगळा निघतो आणि तक्रार पेरोलकडे येते.

सध्या सर्वाधिक ओढाताण आहे ती ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या हिशेबावर. १९३६ च्या कायद्यात दोन कामकाजी दिवसांची मुदत होती, पण ती मालकाने काढून टाकलेल्यासाठी. शिवाय तो कायदा ठरावीक पगारापर्यंतच लागू होता, २०१७ नंतर ही मर्यादा महिना २४,००० रुपये होती. राजीनामा देणाऱ्याला तीस ते पंचेचाळीस दिवस थांबवणे हा रिवाज त्या फटीत वाढला. लॅपटॉप परत आला का, नो ड्यूज (काही देणे नसल्याचा दाखला) झाले का, रजेचा हिशेब कुणी पाठवला, यांत दिवस जात. नव्या संहितेने पगाराची मर्यादा काढली आणि राजीनामा देणाऱ्यालाही त्याच दोन दिवसांत आणले. ग्रॅच्युइटीची तीस दिवसांची मुदत वेगळी आहे, ती यात मिसळू नये. दोन दिवस पाळायचे तर शेवटच्या दिवसानंतर हिशेब सुरू करून भागत नाही. राजीनामा स्वीकारला त्याच दिवशी सूचना पेरोलकडे यायला हवी, रजेचे खाते नोटीसच्या काळातच बंद व्हायला हवे आणि महिन्याच्या नेहमीच्या फेरीबाहेर पैसे सोडण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे आधी ठरायला हवे. यातली बहुतेक कामे पेरोल मॅनेजरच्या खात्याबाहेरची आहेत. ती वेळेत करून घेण्याइतके वजन त्याला संस्थेत मिळते का, यावर ही मुदत कुठे पाळली जाते आणि कुठे कागदावर राहते हे ठरते आहे.