२०७० हा आकडा आला कुठून? भारताच्या नेट झिरोमागचा पन्नास वर्षांचा इतिहास

भारत २०७० पर्यंत नेट झिरो होणार, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडेल तेवढाच शोषला जाईल, हे वाक्य आता इतक्या वेळा कानावर येतं की कुणीतरी एका दुपारी बसून हा आकडा ठरवला असावा असं वाटतं. पण त्यामागे पन्नास वर्षांचं भांडण आहे, आणि ते वाटणीचं भांडण आहे. वातावरणात अजून किती कार्बन मावेल, त्यातली किती जागा आधीच कुणी भरून टाकलीय आणि उरलेली कुणाच्या वाट्याला येणार. हे माहीत नसलं की एक जण म्हणतो २०७० म्हणजे फारच उशीर, दुसरा म्हणतो आपल्याला हे हवंय कशाला, आणि चर्चा तिथेच संपते.

सुरुवात १९७२ पासून करू. स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद झाली, आणि यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे गेलेल्या एकमेव सरकारप्रमुख होत्या इंदिरा गांधी. गरिबी आणि गरज हेच सगळ्यात मोठे प्रदूषक नाहीत का, हा त्यांचा प्रश्न तेव्हापासून आजतागायत गाजतोय. ज्याच्या घरात वीजच नाही त्याला वीज कमी वापर असं कोणत्या तोंडाने सांगणार, हा मुद्दा तिथे पहिल्यांदा जगासमोर जोरात मांडला गेला आणि पुढच्या प्रत्येक परिषदेत भारत त्याच मुद्द्यावर उभा राहिलाय.

पण माझ्या मते खरा पाया घातला गेला १९९१ मध्ये, आणि तोही सरकारने नाही. अमेरिकेतल्या एका संस्थेने उत्सर्जनाचा असा हिशोब मांडला होता की भारत, चीन, ब्राझील हे देश मोठ्या उत्सर्जकांच्या यादीत एकदम वर आले. त्याला दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एका छोट्या पुस्तिकेतून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, भाताच्या खाचरातून आणि गरिबाच्या म्हशीकडून येणारा मिथेन आणि श्रीमंत देशातल्या तिसऱ्या गाडीचा धूर एका तागडीत कसा टाकता? एक जगण्यासाठीचं उत्सर्जन, दुसरं चैनीचं. आणि समुद्र, जंगलं जो कार्बन शोषून घेतात त्यावर हक्क माणशी सारखा हवा, देशाच्या ताकदीवर नाही. दरडोई हा शब्द आपल्या वाटाघाटींमध्ये पक्का बसला तो त्या काळात. आजही भारताचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन माणशी वर्षाला साधारण २ टन आहे आणि अमेरिकेचं त्याच्या सहा-सात पट, त्यामुळे तो मुद्दा जुना झालेला नाही.

पुढच्याच वर्षी, १९९२ ला, ब्राझीलच्या रिओमध्ये जागतिक हवामान करार झाला आणि त्यात 'समान पण वेगवेगळी जबाबदारी' हे तत्त्व आलं. त्याच पायावर १९९७ चा क्योटो करार उभा राहिला. श्रीमंत देशांनी १९९० च्या तुलनेत उत्सर्जन सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास कमी करायचं, विकसनशील देशांवर बंधन नाही. कागदावर आपल्या मनासारखं, पण अमेरिकेच्या सिनेटने त्याआधीच ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव करून ठेवला होता की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्ही नाही, आणि २००१ मध्ये बुश सरकार बाहेर पडलंच. क्योटो लागू व्हायला २००५ उजाडलं. आपल्याला त्यातून कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रं, मिळाली, ते विकून पवनऊर्जेच्या बऱ्याच प्रकल्पांना हातभार लागला आणि त्यात महाराष्ट्रातले प्रकल्पही होते, पण पुढे क्रेडिटचे भाव इतके कोसळले की तो मार्ग जवळजवळ बंद झाला.

मग २००९ ची कोपनहेगनची हवामान परिषद. लोक तिला फसलेली परिषद म्हणतात, मला मात्र ते सगळ्यात मोठं वळण वाटतं. निघण्याआधी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी संसदेत सांगितलं की २०२० पर्यंत भारत उत्सर्जनाची तीव्रता २००५ च्या तुलनेत २० ते २५ टक्के कमी करेल. तीव्रता म्हणजे एकूण धूर नाही बरं का, जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागे किती धूर निघतो ते. त्यावरून देशात भरपूर टीका झाली, आपली जुनी भूमिका सोडली म्हणून. पण 'आधी तुम्ही' म्हणणारा देश तिथे पहिल्यांदा 'आम्ही एवढं करतो' असं आकड्यात बोलला. त्याच परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पासून विकसनशील देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशोबाने तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, तोही बराचसा कर्जाच्या रूपात.

आपल्या घरचंही सांगायला हवं. २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये सेस लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी म्हणून हे सुरू झालं होतं, पण बराच पैसा त्या कामाला लागलाच नाही, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो सेस राज्यांच्या नुकसानभरपाईत गेला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बाहेर पैसे मागताना हा भाग आपणच दुबळा करून ठेवला.

२०१५ च्या पॅरिसमध्ये पद्धतच बदलली. वरून कोटा नाही, प्रत्येकाने आपलं आपण ठरवून सांगायचं. तेव्हा आपले पर्यावरणमंत्री पुण्याचे प्रकाश जावडेकर होते. भारताने २०३० पर्यंत तीव्रता ३३ ते ३५ टक्के कमी आणि वीजक्षमतेचा ४० टक्के वाटा बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, गॅस सोडून, असं सांगितलं. पण २०७० समजायचं असेल तर पॅरिस करारातलं चौथं कलम बघा. त्यात म्हटलंय की या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात जेवढं सोडलं जातं तेवढं शोषलं गेलं पाहिजे, आणि विकसनशील देशांना उत्सर्जनाच्या शिखरापर्यंत पोचायला जास्त वेळ लागेल. २०१८ मध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञांच्या मंडळाने तापमानवाढ १.५ अंशावर रोखण्यासाठी सगळ्या जगाने २०५० च्या सुमारास नेट झिरो गाठावं असं सांगितल्यावर युरोपने २०५० म्हटलं, चीनने २०६०, आणि १ नोव्हेंबर २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत मोदींनी २०७०. म्हणजे हा आकडा पॅरिसच्या मजकुरात बसतो, सगळं जग २०७० पर्यंत थांबलं तर मात्र १.५ अंश राहत नाही. दोन्ही खरं आहे.

त्यानंतरची मोठी बातमी २०२५ ची. पॅरिसचे ४० टक्के पुढे वाढवून निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म करायचं २०३० चं लक्ष्य ठेवलं होतं, ते भारताने पाच वर्षं आधी गाठलं. खरोखर मोठं काम आहे हे, पण क्षमता म्हणजे वीज नाही. रात्री सोलर बंद, वारा कधी असतो कधी नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजूनही ७० टक्क्यांच्या आसपास आहे. बॅटरी, पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून वीज साठवणं), ट्रान्समिशन लाइन, याला लागणारा पैसा प्रचंड आहे, आणि २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ ट्रिलियन डॉलर मागितले तर श्रीमंत देशांनी कबूल केले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच त्याला दृष्टिभ्रम म्हटलं.

आणि हे सगळं शेवटी येऊन थांबतं चंद्रपूरसारख्या ठिकाणी. तिथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, आजूबाजूला वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणी, त्यावर जगणारे कंत्राटी कामगार, ट्रकवाले, टपरीवाले, आणि तीच माणसं वर्षानुवर्षं राखही खातायत. दक्षिण आफ्रिकेने २०२१ मध्ये कोळशातून बाहेर पडण्यासाठी श्रीमंत देशांशी ८.५ अब्ज डॉलरचा करार केला, मग इंडोनेशिया आणि व्हिएतनामनेही तसे करार केले, भारताने केलेला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या करारातून २०२५ मध्ये अमेरिका बाहेर पडली, त्यामुळे भारताची सावधगिरी मला समजते. पण आपण २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत जो दीर्घकालीन आराखडा दिला त्यात हा बदल न्याय्य आणि सुरळीत व्हावा एवढंच आहे. कुठला संच कुठल्या वर्षी बंद होणार आणि तिथल्या कंत्राटी कामगाराला त्याआधी किती वर्षं कळवणार, ते त्यात नाही.