हलकी गाडी, लांबचा ट्रॅक

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि नागपुरातल्या गाड्यांच्या गप्पांचा सूर बदलला. पूर्वी नव्या गाडीबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘ॲव्हरेज किती देते?’ आता त्याच्या पाठोपाठ ‘पळते किती?’ हाही येतो. गाड्यांचं वेड असलेली मंडळी त्याच्याही पुढे जातात. रोज रस्त्यावर चालवता येईल आणि अधूनमधून शर्यतीच्या ट्रॅकवरही नेता येईल अशी हलकी स्पोर्ट्‌स कार कोणती? माझ्दा एमएक्स-५ की लोटस एलिस, टोयोटा ८६ की अल्पीन, की मग आपली स्विफ्टच बरी? यातल्या बहुतेक गाड्या भारतातल्या कुठल्या शोरूममध्ये अधिकृतपणे आल्याच नाहीत, तरी वाद रंगतो. त्यात हॉर्सपॉवर आणि शून्य-ते-शंभरचे आकडे भरपूर फेकले जातात. पण या गाड्या अशाच का झाल्या, हे त्या आकड्यांतून कळत नाही. त्यांना इंजिनिअर लोकांनी जितकं घडवलं, तितकंच करांनी, ओस पडलेल्या धावपट्ट्यांनी आणि सुरक्षेच्या नियमांनीही घडवलं.

सुरुवात युद्धोत्तर इंग्लंडमध्ये होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथे हवाई दलाचे कितीतरी तळ रिकामे पडले. १९४८ साली सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड इथे शर्यती सुरू झाल्या, त्या अशाच तळांवर. शर्यतीला येणारे बहुतेक जण हौशी होते. त्यांच्याकडे ट्रेलर नव्हता, दुसरी गाडीही नव्हती. घरून गाडी चालवत यायचं, तीच शर्यतीत पळवायची आणि मोडली नाही तर तीच घेऊन घरी जायचं. ‘रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी एकच गाडी’ ही आज हौस वाटते, तेव्हा ती गरज होती.

आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला नेमकं हेच घडलं. महायुद्धाच्या काळातली धावपट्टी, आणि तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबच्या शर्यती. नागपुरातही सोनेगावची धावपट्टी युद्धाच्या काळात हवाई दलाच्या वापरात होती. पण ती कधी रिकामी पडलीच नाही. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथे भेटत, टपालाच्या थैल्या बदलत आणि परत फिरत. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा टपालाला झाला आणि शर्यतीला लागणारं मोकळं डांबर काही नागपूरला मिळालं नाही. हा माझा तर्क आहे, पण शोलावरमची गोष्ट वाचताना तो मनात आल्याशिवाय राहत नाही.

त्या इंग्रज हौशी मंडळींतलाच एक कॉलिन चॅपमन. लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकत असताना त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर आपली पहिली गाडी उभी केली आणि १९५२ साली लोटस कंपनी काढली. ताकद वाढवायला पैसे लागतात, वजन कमी करायला डोकं, हा त्याचा हिशेब. १९५७ ची लोटस सेव्हन पाहिली तर हे लगेच पटतं. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, दारं नाहीत, वजन पाचशे किलोच्या आत. इंजिन फोर्डचं साधं ११७२ सीसीचं, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. तरी वळणांवर ती दुपटीच्या ताकदीच्या गाड्यांना जड जायची.

सेव्हन इतकी खपली त्यामागे मात्र निव्वळ अभियांत्रिकी नव्हती. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर भरपूर खरेदी कर होता, पण सुटे भाग घेऊन घरी जोडलेल्या गाडीला तो लागत नसे. म्हणून ग्राहक खोकी घरी आणत आणि सुट्टीच्या दिवशी पाने-पक्कड घेऊन बसत. घरच्या गॅरेजमध्ये जोडता यायची तर गाडी साधीच हवी, आणि साधी गाडी आपसूक हलकी होते. १९७३ च्या एप्रिलमध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हन सोडून दिली आणि तिचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याकडे गेले. केटरहॅम आजही जवळपास तीच गाडी बनवते.

वजनाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तुलनांमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हलकी गाडी वेग लवकर पकडते हे सगळ्यांनाच कळतं. ट्रॅकवर खरा फरक ब्रेक आणि टायरमध्ये दिसतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक टनाच्या गाडीत सुमारे साडेपाच लाख ज्यूल ऊर्जा असते, दीड टनाच्या गाडीत सव्वाआठ लाखांच्या वर. गाडी थांबवताना यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. एकदा थांबायचं असेल तर दोन्ही गाड्या थांबतात. पण फेरीमागून फेरी, प्रत्येक वळणाआधी करकचून ब्रेक मारला की जड गाडीचं ब्रेक ऑइल आधी उकळतं आणि पेडल मऊ पडतं. टायरचंही तसंच. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. त्यामुळे त्याच टायरवर हलकी गाडी वळणात जास्त वेग राखू शकते, आणि टायरही जास्त दिवस टिकतात. २५० हॉर्सपॉवरच्या जड गाडीपेक्षा १३० हॉर्सपॉवरची हलकी गाडी घेऊन दिवसभर ट्रॅकवर जास्त फेऱ्या मारता येतात. खिशालाही तीच परवडते.

साठच्या दशकात इंग्रज रोडस्टरचा, म्हणजे उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्यांचा, सुकाळ होता: एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली. मग अमेरिकेने १९६८ पासून सुरक्षेचे आणि पाठोपाठ धुराचे नियम कडक केले. खप बहुतांशी तिथलाच, त्यामुळे बंपर जाड झाले आणि इंजिनं मंदावली. १९८० साली एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला आणि सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

तो पुन्हा उघडला जपानने. बॉब हॉल नावाच्या अमेरिकी वाहन-पत्रकाराने १९७९ च्या सुमारास माझ्दाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की जुन्या इंग्रज रोडस्टरसारखी, पण न बिघडणारी गाडी बनवा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ आली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, १.६ लिटर, वजन एक टनाच्या आत. यात नवं काहीच नव्हतं, आणि तीच तिची खुबी. तेल न गळणारी इंग्रज गाडी लोकांना हवी होती, ती माझ्दाच्या हिरोशिमातून मिळाली. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली.

जपानचा दुसरा धागा आपल्या जास्त जवळचा आहे. तिथे ‘केई’ गटातल्या छोट्या गाड्यांना कर कमी. १९९० च्या नियमाने इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.३ मीटरपर्यंत. त्या चौकटीत कुणी सामानाची छोटी व्हॅन बनवली, तर सुझुकीने १९९१ मध्ये कॅपुचिनो नावाची सातशे किलोंच्या आसपासची दोन आसनी रोडस्टर बनवली: टर्बो इंजिन, मागच्या चाकांना जोर. आपली मारुती ८०० ही सुझुकीच्या अशाच केई गाडीवरून आलेली. म्हणजे घराणं एक, पण भारतात आली ती कुटुंबाची गाडी.

लोटसने १९९६ ला एलिस आणली. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या वेल्डिंग न करता इपॉक्सीने चिकटवून केलेला तिचा सांगाडा अवघा ६८ किलोंचा आणि अख्खी गाडी सव्वासातशे किलोंची. रोव्हरचं १.८ लिटरचं, ११८ हॉर्सपॉवरचं इंजिन तिला पुरून उरलं. ट्रॅक आणि रस्ता यांच्यातला सगळ्यात सुंदर तोल मला याच गाडीत दिसतो. पण २००० नंतर टक्कर-चाचण्या कडक होत गेल्या, ग्राहकांना एसी आणि एअरबॅग हव्याच होत्या, आणि एलिसचंही वजन चढत गेलं. २०२१ अखेर ती बंद झाली. तिची वारस एमिरा १४०० किलोंच्या घरात आहे. २०१२ ची टोयोटा ८६ बाराशेच्या आसपास, २०१७ ची अल्पीन ए११० अकराशेच्या. २०१५ ची चौथ्या पिढीची एमएक्स-५ पुन्हा एक टनावर आली, हे या यादीतलं खरं नवल.

भारतात ही वाट वेगळी वळली. शोलावरमला फियाट आणि अँबेसेडर पळायच्या. १९९० मध्ये श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक झाला. मारुती ८०० चं इंजिन बसवलेल्या ‘फॉर्म्युला मारुती’ या एक आसनी गाड्यांनी एका पिढीला शर्यत शिकवली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन त्यांच्यातूनच आला. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारचे प्रयत्न मात्र फसत गेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म आली, फायबरग्लासची, रेनोच्या १.२ लिटर इंजिनाची, दोन आसनी. दिसायला स्पोर्ट्‌स कार आणि ताकद ६० हॉर्सपॉवर. तिचं कौतुक झालं, खप झाला नाही.

२००६ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कमी कर लागू झाला. जपानने आपल्या चौकटीतून रोडस्टर काढली. आपण हॅचबॅक आणि शेपूट कापलेल्या सेडान काढल्या. गंमत म्हणजे एमएक्स-५ ची लांबी चार मीटरच्या आतच आहे, पण इंजिन १.५ किंवा २ लिटरचं, म्हणजे सवलत गेली. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाला दाखवलेली टॅमो रेसमो या चौकटीत चपखल बसली असती: चार मीटरच्या आत, १.२ लिटर टर्बो, इंजिन मधोमध. ती विक्रीला आलीच नाही. तोवर हौशी लोकांनी हॅचबॅकच आपलीशी केली होती: फियाट पालिओ १.६, पोलो जीटी, २०१५ ची अबार्थ पुंतो आणि सगळ्यांच्या पुढे स्विफ्ट. २०१८ च्या स्विफ्टचं वजन नऊशे किलोंच्याही आत. आकड्यांनी पाहिलं तर हलक्या गाडीची भारतीय वारस तीच.

आता नागपूरचा हिशेब. इथून चेन्नईचा ट्रॅक सुमारे अकराशे किलोमीटर, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट साधारण तितकंच, कोइम्बतूर चौदाशेच्या वर. पीथमपूरचं नॅट्रॅक्स पाचशेच्या आसपास, पण ते मुळात चाचणी केंद्र. नागपूरच्या अभियांत्रिकी कॉलेजांची मुलं विद्यार्थ्यांच्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी बनवलेली आपली बग्गी घेऊन तिथे जातात. इंग्रज हौशी माणूस सकाळी निघून दुपारी शर्यतीत असायचा. नागपूरकराला ट्रॅक दिवसासाठी आधी दीड दिवस गाडी चालवावी लागते किंवा ती ट्रकवर चढवावी लागते. म्हणून इथल्या तुलनेत रस्त्याचं पारडं जड असायलाच हवं. ट्रॅकचे मऊ टायर इतक्या लांबच्या प्रवासात रस्त्यावरच झिजतात. दीडशे मिलिमीटरपेक्षा कमी ग्राउंड क्लिअरन्सची गाडी गल्लीतल्या गतिरोधकावर पोट घासते. आणि उघड्या टपाची गाडी ही उन्हासाठी आसुसलेल्या देशाची कल्पना. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की वर्धा रोडवर टप उघडणाऱ्याकडे लोक गाडीसाठी नाही, काळजीने बघतील. त्या उन्हात आत येणारी हवा विरळ, रेडिएटर आधीच तापलेला, टर्बो इंजिनाची ताकद जाणवण्याइतकी उतरते.

समृद्धीवर तरी हलकी गाडी खुलेल का? नाही. तो सरळ, काँक्रीटचा, ताशी १२० च्या मर्यादेचा रस्ता. तिथे लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, जड सेडान जास्त सुखाची. हलक्या गाडीला वळणं लागतात, आणि त्यासाठी चिखलदऱ्याच्या घाटाकडे वळावं लागतं. तिथेही मेळघाटचं जंगल आणि समोरून येणारी एसटी लक्षात ठेवूनच.

राहिला घरी गाडी सुधारण्याचा मार्ग, ज्यातून सेव्हन जन्मली. तोही अरुंद झाला आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल केलेली गाडी नोंदणीला पात्र नाही. सस्पेन्शन आणि ब्रेक पॅडपर्यंत कुणी हटकत नाही. त्यापुढे गेलं की आरटीओ आणि विमा दोन्ही आडवे येतात. म्हणून काही जण जुनी स्विफ्ट किंवा एस्टीम फक्त ट्रॅकसाठी ठेवतात, तीही दक्षिणेत, ट्रॅकजवळच्या गॅरेजमध्ये, आणि स्वतः विमानाने जातात.

जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यात ब्रिटिश गाड्यांवरचं शंभर टक्क्यांच्या वरचं आयात शुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं. लोटस आणि केटरहॅम दोन्ही ब्रिटिश, त्यामुळे वादाला नवं इंधन मिळालं. एमिराला याचा फायदा मिळू शकतो. ती २०२४ पासून भारतात तीन कोटींच्या वर विकली जाते. पण केटरहॅमची अडचण शुल्काची नाहीच: पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) इथे सक्तीचे आहेत, आणि १९५७ च्या त्या आराखड्यात एअरबॅग बसवायला जागाच नाही.