तापलेली फायबर केबल आणि रेडिओ दुर्बीण

नेटवर्क इंजिनिअर म्हटलं की बँकेची लिंक बंद पडल्यावर धावत येणारा माणूस आठवतो. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या रेडिओ दुर्बिणीवर मात्र तो दुर्बिणीचाच एक अवयव सांभाळत असतो, आणि मराठवाड्यातल्या पोरांना हे कुणी सांगत नाही याची मला खरंच चुटपुट लागते.

मोठी रेडिओ दुर्बीण एकसंध नसते. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. आता उभ्या राहणाऱ्या 'स्क्वेअर किलोमीटर अॅरे'त, म्हणजे एसकेएत, दक्षिण आफ्रिकेत 197 तबकड्या आणि ऑस्ट्रेलियात 1,31,072 छोटे अँटेना असतील. भारतानंही या प्रकल्पासाठी 1,250 कोटी रुपये मंजूर केले आहेत. प्रत्येक तबकडीचा सिग्नल फायबर केबलमधून, म्हणजे काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपात, एका जागी आणून बाकी प्रत्येकीच्या सिग्नलशी जुळवला, की आकाशाचं चित्र उमटतं. 30 तबकड्यांच्या जोड्या होतात 435, तर 197च्या 19,306.

जुळवायचं म्हणजे वेळ अचूक हवी. इथंच ऊन आडवं येतं.

परभणीत मे महिन्यातली पहाट आणि दुपार यांत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. समजा, खांबांवरून टाकलेली 10 किलोमीटरची फायबर केबल 10 अंशांनी तापली. काच किंचित लांबते, पण त्याहून जास्त तिचा अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो ते सांगणारा आकडा) बदलतो आणि आतला प्रकाश उशिरा पोचतो: किलोमीटरमागे, दर अंशाला 35 ते 40 पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग). एकूण उशीर झाला साडेतीन ते चार नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे तेवढे अब्जांश. यूट्यूब बघणाऱ्याला याचा पत्ताही लागणार नाही. पण एक गिगाहर्ट्झची रेडिओलहर एका नॅनोसेकंदात एक आवर्तन पुरं करते, म्हणजे सिग्नल तीन-चार लहरींनी मागे पडला. एका लहरीचा दहावा हिस्सा चुकला तरी चित्र बिघडू लागतं.

म्हणून केबल शक्यतो पुरतात. आपल्याकडच्या टेलिकॉमच्या नियमाप्रमाणे 165 सेंटीमीटर खोल गेलं, की दुपारची झळ तिथवर पोचत नाही. (काळ्या मातीचं दुखणं निराळं. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि केबलवर ताण येतो.) तरी ऋतू बदलतातच, त्यामुळे उशीर सतत मोजावा लागतो. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संस्थेत विकसित झालेली आणि एसकेएनं वेळेसाठी निवडलेली 'व्हाइट रॅबिट' पद्धत केबलमधून सिग्नल पाठवून त्याच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजत राहते आणि नॅनोसेकंदाहूनही बारीक दुरुस्ती करते.

दुसरी डोकेदुखी गर्दीची. सोयाबीनच्या हंगामात मोंढ्याचा रस्ता दिवसभर रिकामा असला, तरी सगळे ट्रॅक्टर एकाच वेळी आले की फाटकावर कोंडी होते. तसंच, एकाच घड्याळावर चालणाऱ्या तबकड्या एकाच क्षणी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, सोडतात आणि ते पुढे पाठवणाऱ्या स्विचचा बफर (तात्पुरती साठवण) क्षणात भरून वाहतो. सरासरीचा आलेख पाहिला, तर लिंक निम्मी रिकामी दिसते! हरवलेलं पॅकेट बहुधा परत मागवतही नाहीत, कारण मागून पुढचा डेटा येतच असतो. मग इंजिनिअर पॅकेट सोडण्याच्या वेळा जराशा पुढेमागे करतो, बफरचे आकडे तपासतो, कुठल्या पोर्टवर गळती आहे ते हुडकतो.

शिवाय स्विच स्वतःच रेडिओगोंगाट करतो. तांब्याची केबलही करते. दूरच्या आकाशगंगेचा सिग्नल इतका क्षीण असतो, की शेजारचा वायफाय राउटर त्याला सहज बुडवतो. त्यामुळे यंत्रं धातूनं मढवलेल्या खोलीत जातात आणि बाहेर फक्त काचेची फायबर येते. ती रेडिओलहरी सोडत नाही आणि पकडतही नाही.

हे कौशल्य आता आपल्या दारातही लागणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होत आहे. 2023 मध्ये त्याला 2,600 कोटी रुपये मंजूर झाले. ती रेडिओ दुर्बीण नव्हे. तिथं चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर फिरवून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळातले तरंग, टिपतील. पण लहर कुठल्या दिशेनं आली, हे कळतं ते दूरदूरच्या वेधशाळांत ती किती मिलिसेकंदांच्या अंतरानं पोचली त्यावरून. म्हणजे पुन्हा घड्याळ आणि नेटवर्क!

सुरुवात कॉलेजच्या लॅबमध्येही होते. लिनक्सवर 'एथटूल' ही आज्ञा चालवून आपलं नेटवर्क कार्ड हार्डवेअरमध्येच वेळेचा शिक्का मारतं का, ते बघा. मारत असेल, तर 'लिनक्सपीटीपी' हे फुकट सॉफ्टवेअर टाकून दोन संगणकांची घड्याळं जुळवा. पडद्यावर दोघांतला फरक नॅनोसेकंदांत सरकताना दिसेल.