कळ टाळूची, बोंब कपाळाची

ब्रेन फ्रीज हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याने भलताच घोळ करून ठेवलाय. आईस्क्रीमचा मोठा घास घेतला किंवा बर्फाचं पाणी घटाघटा प्यायलं की काही सेकंदांत कपाळात अशी काही सणक जाते की डोळे मिटून, कपाळ दाबून गप्प बसावं लागतं, आणि मग लोकांना खरंच वाटतं की आत मेंदूच गारठला. त्यावर व्हॉट्सॲपवरचे डॉक्टर आहेतच, थंड खाल्ल्याने मेंदूच्या नसा आखडतात, वारंवार झालं तर स्मरणशक्ती जाते वगैरे वगैरे. याला काडीचा आधार नाही. मेंदूला दर मिनिटाला साधारण ७५० मिली रक्त मिळतं, तेही ३७ अंशांचं, एवढ्या गरम पाण्याचा नळ अखंड चालू असताना एका घासाने मेंदू काय गोठणार! शिवाय खुद्द मेंदूला दुखणं कळतच नाही. म्हणून तर काही ऑपरेशनं पेशंट जागा असताना, त्याच्याशी गप्पा मारत करता येतात.

मग दुखतं काय? तर टाळू. बाळाची तेल घालून भरतात ती टाळू नव्हे, तोंडाच्या आतलं छत. जिभेने वर चाचपून बघा, पुढे कडक आणि मागे मऊ लागेल. तिथल्या चेतातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारी प्रथिनं असतात, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध टीआरपीएम८. हे म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार, तापमान साधारण २६ अंशांच्या खाली गेलं की उघडतं, आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण आत शिरतात आणि सिग्नल निघतो. गंमत म्हणजे पुदिन्यातल्या मेंथॉलनेही हेच दार उघडतं, म्हणून पेपरमिंटची गोळी तोंडात थंडगार लागते, तोंडाचं तापमान तेवढंच असलं तरी. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोन शास्त्रज्ञांनी मेंथॉलच वापरून हे प्रथिन २००२ च्या सुमारास आपापलं स्वतंत्रपणे शोधलं, आणि तापमान अन् स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांवरच्या (रिसेप्टर्सवरच्या) कामासाठी २०२१ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता खरी मजा. टाळू दुखतेय तर कपाळ का ठणकतं?

चेहऱ्याच्या सगळ्या संवेदना वाहून नेणारी एक जाडजूड नर्व्ह आहे, ट्रायजेमिनल. लॅटिनमध्ये याचा अर्थ चक्क तिळं, कारण तिला तीन फांद्या फुटतात. पहिली कपाळ, डोळे आणि मेंदूवरच्या आवरणाचा बराचसा भाग सांभाळते, दुसरी गाल, वरचे दात आणि आपली टाळू, तिसरी खालचा जबडा. या तिघी बाहेर वेगवेगळ्या हिंडत असल्या तरी त्यांच्या वेदनेच्या तारा शेवटी मेंदूच्या देठात, तिथून खाली मानेच्या मज्जारज्जूपर्यंत उतरणाऱ्या एकाच केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, येऊन मिळतात. तिथून पुढे जाणाऱ्या पेशी मात्र कमी, म्हणजे एकाच पेशीवर टाळूची तार पण येते आणि कपाळाची पण. ती पेशी पेटली की वर एवढंच कळतं की दुखतंय, नेमकं कुठून ते नाही. म्हणजे दोन घरांना मिळून एकच बेल असावी तसं. मग मेंदू आपला अंदाज बांधतो, आणि कपाळाला लागणं, टेंगूळ येणं ही रोजची गोष्ट असल्याने शिक्का कपाळावरच मारतो. याला रेफर्ड पेन म्हणतात. हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो तो याच चालीने, फक्त तिथे घोळ मज्जारज्जूत छातीच्या पातळीवर होतो.

रक्तवाहिन्यांचंही एक प्रकरण आहे. २०१२ मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधक सेराडोर आणि सहकाऱ्यांनी १३ निरोगी लोकांना स्ट्रॉ टाळूला टेकवून बर्फाचं पाणी प्यायला लावलं आणि डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या तपासणीने, मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. कळ आली तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीतला प्रवाह वाढलेला दिसला, कळ ओसरली तसा तो उतरला. लगेच "ब्रेन फ्रीजचं रहस्य उलगडलं" अशा हेडलाइन्स झळकल्या. अरे १३ माणसं! आणि धमनी फुगली म्हणून दुखलं की दुखलं म्हणून फुगली, हे त्यावरून कसं ठरणार? माझं मत विचाराल तर तारांची गफलत हाच मुख्य गुन्हेगार, धमनी फार तर साथीदार.

मायग्रेनवाल्यांसाठी एक इंटरेस्टिंग गोष्ट. ही कळ बहुतेकांना कपाळाच्या दोन्ही बाजूंना येते, पण ज्यांचा मायग्रेन नेहमी एकाच बाजूला उठतो त्यांची ही कळही त्याच बाजूला येऊ शकते. आंतरराष्ट्रीय हेडेक सोसायटीच्या यादीत या दुखण्याला रीतसर नंबर आहे, आणि थंड तोंडातून गेल्यावर १० मिनिटांत थांबायला हवं अशी अटही. तासभर ठणकत राहिलं तर आईस्क्रीमला दोष देत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

उपाय म्हणाल तर जीभ उलटी करून टाळूला लावून धरा, नाहीतर कोमट पाणी तोंडात फिरवा, टाळू गरम झाली की विषय संपला. बाकी हळू खाणं. तेही कुणीतरी तपासलंय बरं का, कॅनडात एका आठवीतल्या मुलीने वडिलांच्या मदतीने १४५ शाळकरी मुलांवर हा प्रयोग केला आणि तो २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. अर्ध्यांना १०० मिली आईस्क्रीम ५ सेकंदांत संपवायला सांगितलं, अर्ध्यांना निवांत. भराभर खाणाऱ्यांत २७ टक्क्यांचं डोकं दुखलं, निवांत खाणाऱ्यांत १३ टक्क्यांचं. आणि दुखलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांची कळ १० सेकंदांच्या आत गेलीसुद्धा.