चलन पाठवणारा डबा कुठला?

फोंड्याहून पणजीला रोज स्कूटरने येतो, आणि २०२३ च्या जूनमध्ये मेरशी जंक्शनला एआय सिग्नल (कॅमेऱ्यातून चूक पकडून चलन धाडणारा) चालू झाल्यापासून तिथे पोचायच्या आधीच हात आपोआप हेल्मेटच्या पट्ट्याकडे जातो. पण लोक घाबरतात भलत्याच डब्याला. परवा पणजीत एका सिग्नलला शेजारी एक पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, थांबलेला, वर बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, तो काळा गोल आहे मरे, तोच चलन पाठवता."

तो काळा गोल म्हणजे घुमट कॅमेरा. कंट्रोल रूममधला माणूस तो फिरवतो, झूम करतो, म्हणजे एका वेळी एकाच बाजूला बघणार, येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर टिपणं हे सहसा त्याचं काम नसतं. नंबर वाचणारा असतो तो मुकाट लांबट डबा, वर छोटं छप्पर, मान थोडी खाली, हलत नाही, एक-दोन लेनवरच नजर. आणि त्याच्याजवळ बहुतेक वेळा बारीक बारीक एलईडींचा दिवा असतो.

खरी करामत त्या दिव्याची आहे. तो इन्फ्रारेड, बऱ्याचदा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि आपला डोळा साधारण ७०० च्या पुढे जवळपास आंधळाच. आता आपल्या नव्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवर जो चकचकीत थर असतो तो प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतो, रात्री हेडलाइट पडला की रस्त्याचे बोर्ड कसे पेटल्यासारखे दिसतात तसंच. त्यामुळे कॅमेऱ्याला प्लेट पांढरीशुभ्र दिसते आणि बाकी सगळं काळं, आणि उजेड एवढा परत येतो म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतला तरी चालतो, गाडी पळत असली तरी आकडे फराटत नाहीत. पण अशा फोटोत चेहरा काय, हेल्मेट काय, धड कळत नाही, म्हणून जोडीला दुसरा साधा रंगीत कॅमेरा लावतात.

रात्री जवळून बघितलं तर ८५० चे एलईडी अगदी मंद लाल ठिपक्यांसारखे दिसतात, ९४० चे असतील तर तेही नाही. घरी बघायचं तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनवर जांभळट दिवा लुकलुकताना दिसतो (मागच्या कॅमेऱ्याला फिल्टर कडक असतो, तिथे नाही दिसला तर रिमोटला दोष देऊ नका). या कॅमेऱ्यांना कोळी मात्र जाम छळतात, दिव्याजवळ किडे येतात, कोळी जाळं विणतो आणि रात्री फोटोत नुसते पांढरे दोर.

ज्या डब्याला काचेचा डोळाच नाही, नुसता सपाट चेहरा, तो बहुधा वेग मोजणारा रडार. करमळी स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीच्या हॉर्नचा सूर ती पुढे गेल्यावर जसा खाली उतरतो तोच हिशोब, फक्त आवाजाऐवजी साधारण २४ गिगाहर्ट्झच्या लहरी. ताशी ६० ने येणारी गाडी परतलेल्या लहरीत जेमतेम २७०० हर्ट्झचा फरक पाडते, स्पीकरला जोडला तर शिट्टीसारखा ऐकू येईल! रडार तिरकं बसवलं की वेग कमी दाखवतं, म्हणून तो कोन हिशोबात धरावाच लागतो.

बाकी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ म्हणून एक आहे, ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला. असे कॅमेरे चलनासाठी वापरायचे तर आधी इशाऱ्याचा बोर्ड दिसायला हवा आणि नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी, असं तेव्हा त्यात आलं. बोर्डाकडे कोण बघतो म्हणा.

आणि सगळं वरच नसतं. स्टॉप लाइनच्या अलीकडे डांबरात कापलेला चौकोन दिसला, काळ्या डिंकासारख्या मालाने भरलेला, तर खाली तारेचं वेटोळं आहे. लोकांना वाटतं ते वजनाने चालतं. अजिबात नाही, वर चिऱ्यांची रास घाला, ढिम्म. तारेत उलटसुलट करंट खेळत असतो, वर धातू आला की त्या धातूत भोवऱ्यासारखे छोटे करंट फिरतात आणि वेटोळ्याचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा तारेचा अडसर) घटतं, तेवढ्यावरून सिग्नलला कळतं की कोणीतरी आलंय. केबलसाठी रस्ता खणला आणि तार तुटली की तो चौकोन मेला, वरून मात्र तसाच दिसतो.

स्कूटरची यात पंचाईत होते, धातू कमी आणि आपण उभे राहतो बरोब्बर चौकोनाच्या मधोमध, जिथे ती सगळ्यात कमी जाणवते. तार कडेला असते, तेव्हा चाकं त्या काळ्या रेघेवर हवीत. मी हल्ली असा चौकोन दिसला की मुद्दाम सरकून रेघेवर उभा राहतो, मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो, मारू दे.